मूल दोघांचं, हे ठरायला लागलेली सव्वादोनशे वर्षं

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स शिकारीचा भलता शौकीन. उन्हाळ्यात नर, पानगळीत आणि थंडीत हरिण्या, असा त्याचा क्रम ठरलेला असे आणि शिकारीवाचून आठवडा सहसा जात नसे. मांस मुदपाकखान्यात जाई. हरिणीचं गर्भाशय मात्र विल्यम हार्वे नावाच्या राजवैद्याच्या वाट्याला येई.

हार्वेचं नाव तोवर युरोपभर झालेलं होतं. हृदय रक्त ढकलतं आणि तेच रक्त शरीरभर फिरून परत येतं, हे त्यानं १६२८ साली छापून दाखवलं होतं. पुढच्या दशकात त्यानं याहून अवघड प्रश्न हाती घेतला. नर-मादीचा समागम झाल्यावर मादीच्या पोटात नेमकं काय घडतं?

या प्रश्नाची पुस्तकी उत्तरं फार जुनी होती. ॲरिस्टॉटलच्या मते बाईचं विटाळाचं रक्त हा कच्चा माल. पुरुषाचं बीज त्याला फक्त आकार देतं, दुधाला विरजण लागावं तसं. गेलन या रोमन वैद्याचं म्हणणं वेगळं होतं. बीज दोघांचंही असतं, ती एकमेकांत मिसळतात आणि त्या मिश्रणातून गर्भ धरतो. दोन्ही पंडितांत कितीही मतभेद असले तरी एक गोष्ट दोघांनाही मान्य असायला हवी होती: समागमानंतर लगेच गर्भाशय उघडलं, तर आत काहीतरी दिसलं पाहिजे. गोठलेलं रक्त, बीज, निदान एखादा गोळा.

सप्टेंबरच्या मध्याला हरिण्या माजावर येतात. हार्वेनं तेव्हापासून गर्भाशयं उघडायला सुरुवात केली. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. आत काही नाही. बीजाचा थेंब नाही, रक्ताची गुठळी नाही, आतली पोकळी स्वच्छ. नोव्हेंबर अर्धा सरल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसू लागले. त्यांची पुढे एक लांबट पिशवी झाली, पिशवीत स्वच्छ द्रव आला, आणि त्या द्रवात एक लाल ठिपका उडू लागला. ते हृदय होतं. हार्वेनं हा उडता ठिपका खुद्द राजाला दाखवला.

शिकारखान्याचे राखणदार मात्र हे ऐकून हसले. पिढ्यान्‌पिढ्या हरणं राखणाऱ्या माणसांना हा दरबारी वैद्य सांगत होता की नर येऊन गेल्यावरही मादीचं पोट आठवडेच्या आठवडे रिकामं असतं. त्यांनी सरळ सांगितलं, तुम्ही उघडल्या त्या हरिण्या मुळात गाभणच नव्हत्या. मग राजानं हँप्टन कोर्टाजवळच्या राखीव रानात ऑक्टोबरच्या सुरुवातीला डझनभर हरिण्या नरांपासून वेगळ्या काढल्या. त्यातल्या काही हार्वेनं उघडल्या. गर्भाशयं रिकामीच निघाली. उरलेल्या तशाच ठेवल्या आणि त्या यथाकाळ व्यायल्या. प्रयोगात तुलनेसाठी एक गट बाजूला ठेवायचा, ही आज विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात ती शिस्त. एका राजानं ती राखणदारांची तोंडं बंद करायला वापरली.

हार्वेच्या डोळ्यांनी दगा दिला नव्हता. हरणाचा गर्भ पहिले काही आठवडे गर्भाशयाला चिकटतच नाही. सुरुवातीला तो साध्या डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा असतो आणि पुढे धाग्यासारखा लांबतो. साधं भिंग घेऊन बसलेल्या माणसाला तो सापडणं जवळजवळ अशक्य. प्रश्न सोडवण्यासाठी हार्वेला राजाकडून जी जनावरं मिळाली, तीच नेमकी सगळ्यात गैरसोयीची होती. गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन लहान गाठी असतात, त्यांच्याकडेही त्यानं पाहिलं होतं. माजाच्या काळात त्या फुगत नाहीत, बदलत नाहीत, असं त्याला दिसलं आणि त्यानं त्या निकालात काढल्या.

मग राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. १६४२ मध्ये पार्लमेंटच्या सैनिकांनी लंडनमधलं त्याचं बिऱ्हाड लुटलं आणि कीटकांच्या प्रजननावरची त्याची टिपणं त्यात गेली. हे नुकसान त्याला शेवटपर्यंत सलत राहिलं. राजाबरोबर तो ऑक्सफर्डला गेला. तिथे ट्रिनिटी कॉलेजात जॉर्ज बॅथर्स्ट नावाच्या मित्राच्या खोलीत अंडी उबवायला एक कोंबडी ठेवलेली होती. बाहेर लढाई चालू असताना हे दोघे रोज एकेक अंडं फोडून पिल्लू कुठवर आलं ते बघत. या सगळ्यातून उभा राहिलेला ग्रंथ १६५१ मध्ये निघाला. त्याच्या पहिल्या चित्रात देवांचा राजा झ्यूस हातातलं अंडं उघडतो आहे आणि त्यातून माणसाचं मूल, हरीण, पक्षी, साप, फुलपाखरू बाहेर पडत आहेत. अंड्यावर लिहिलं आहे, सगळं अंड्यातून.

घोषणा मोठी, पण माणसाचं अंडं हार्वेनं पाहिलेलं नव्हतं. गर्भाशयात जे पहिलं दिसतं त्यालाच तो अंडं म्हणत होता. ते कशानं उपजतं याचं उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं साथीच्या रोगाचा दाखला दिला. स्पर्श होऊन जातो, मागे काही राहत नाही आणि तरी परिणाम होतो. मेंदूत कल्पना उपजते तसा गर्भाशयात गर्भ उपजत असावा, असंही त्यानं सुचवलं. रक्ताभिसरणाचं गणित मांडणाऱ्या माणसाचं हे उत्तर वाचून हळहळ वाटते.

खरं तर एक पुरावा घरोघर उघडा पडलेला होता. बारशाला जमलेल्या बायका पाळण्यात डोकावून सांगतात, नाक थेट बापाचं, कपाळ आईच्या वळणावर. ॲरिस्टॉटलच्या अथेन्समध्येही अशाच बायका असणार. घोडी आणि गाढव यांच्या संकरातून निघालेलं खेचर दोघांच्याही खुणा अंगावर घेऊन हिंडत होतं. मूल दोघांवर जातं हे ज्याला दोन डोळे आहेत त्याला माहीत होतं. पुढच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत युरोपातल्या उत्तमोत्तम डोक्यांनी हे सोडून बाकी सगळं मान्य केलं.

गोष्ट आता हॉलंडमध्ये जाते. १६६० च्या दशकात लायडनच्या विद्यापीठात तीन तरुण वैद्यक शिकत होते. कोपनहेगनचा नील्स स्टेनसन, ॲमस्टरडॅममधल्या औषधविक्रेत्याचा मुलगा यान स्वामरडॅम, आणि वयानं सर्वांत लहान रेनिए द ग्राफ. चिरफाडीत तिघांचाही हात बसलेला. स्टेनसन पुढे फ्लॉरेन्सच्या दरबारी गेला. तिथे एका मुशीच्या जातीच्या माशाची चिरफाड करताना त्याच्या ध्यानात आलं की हा मासा पिल्लांना जन्म देतो, तरी त्याच्या पोटात अंडी आहेत. मग बाईच्या पोटातल्या ज्या दोन गाठींना सगळे स्त्रीचे वृषण म्हणत आले, ती अंड्यांची कोठारं असली पाहिजेत. १६६७ मध्ये त्यानं हे लिहून टाकलं. हार्वेनं निकालात काढलेल्या त्याच त्या गाठी. स्टेनसननं यापुढे फारसा पाठपुरावा केला नाही. तो खडकांच्या थरांकडे वळला, भूगर्भशास्त्राचा पाया घातला, कॅथलिक झाला आणि बिशप म्हणून वारला.

मागे राहिलेल्या दोघांची मैत्री मात्र या अंड्यावरून तुटली. स्वामरडॅम आपले गुरू व्हान होर्न यांच्याबरोबर स्त्रीच्या जननेंद्रियांची चिरफाड करत होता, नळ्यांत मेण भरून त्यांचे नमुने टिकवत होता. द ग्राफ डेल्फ्टमध्ये वैद्यकी करत करत हेच काम करत होता. कॅथलिक असल्यामुळे त्याला प्रॉटेस्टंट लायडनमध्ये प्राध्यापकी मिळण्याची आशा नव्हती. व्हान होर्न १६७० मध्ये वारले. १६७२ मध्ये द ग्राफचं पुस्तक बाजारात आलं आणि त्यामागोमाग स्वामरडॅमचं. स्वामरडॅमनं आपल्या पुस्तकाबरोबर टिकवलेले नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवून दाद मागितली की हा माणूस माझ्या आणि माझ्या गुरूंच्या कामावर डल्ला मारतो आहे. द ग्राफनंही जळजळीत उत्तर छापलं.

भांडण बाजूला ठेवलं तर द ग्राफचं काम फार सुंदर होतं. त्यानं हरिणी घेतली नाही, सशीण घेतली. सशीण पाळता येते, समागमाची घटका लिहून ठेवता येते आणि महिन्याभरात ती विते. समागमानंतर अर्ध्या तासानं एक उघडली, सहा तासांनी दुसरी, मग चोवीस तासांनी, असं करत तो व्यायच्या दिवसांपर्यंत गेला. आधी अंडाशयावरच्या स्वच्छ पुटिका लालसर झाल्या. मग त्या फुटल्यासारख्या दिसल्या. तिसऱ्या दिवशी नळ्यांत आणि गर्भाशयाच्या फाट्यांत इवलेसे पारदर्शक गोळे सापडले, दोन-दोन पापुद्र्यांचे. पुढे ते वाढत गेले. शिवाय एक साधा हिशेब त्याच्या कामी आला. अंडाशयावर जितक्या फुटलेल्या पुटिकांच्या खुणा, साधारण तितकेच गर्भाशयात गर्भ.

एक अडचण होती आणि ती त्यानं लपवली नाही. अंडाशयातल्या ज्या पुटिकेला तो अंडं समजत होता, तिच्यापेक्षा नळीत सापडलेला गोळा कितीतरी लहान, जवळजवळ दहापट लहान होता. बाहेर पडताना अंडं आकसेल कसं? पुटिकेत अंड्याखेरीज आणखीही काही ऐवज असला पाहिजे, असं त्यानं म्हटलं, आणि ते अगदी बरोबर होतं. त्या पुटिकेला आज ग्राफियन पुटिका म्हणतात. मूल व्हावं म्हणून दवाखान्याच्या फेऱ्या मारणारं जोडपं ‘फॉलिक्युलर स्टडी’साठी सोनोग्राफीच्या खोलीत बसतं, तेव्हा पडद्यावर जी काळी गोल पोकळी मोजली जाते, ती हीच. पिकल्यावर तिचा व्यास वीस मिलिमीटरच्या आसपास जातो. तिच्यातलं अंडं एक दशांश मिलिमीटरचं. पडद्यावर ते आजही दिसत नाही.

द ग्राफ ऑगस्ट १६७३ मध्ये वारला, बत्तीस वर्षांचा. रॉयल सोसायटीनं निवाडा करताना श्रेय या दोघांपैकी कुणालाच दिलं नाही, ते स्टेनसनकडे वळवलं. मृत्यूच्या चारेक महिने आधी, एप्रिलमध्ये, द ग्राफनं त्याच सोसायटीला एक पत्र लिहून आपल्या गावातल्या एका कापडवाल्याची ओळख करून दिली होती. हा गृहस्थ उत्तम भिंगं घासतो, त्याच्याकडे लक्ष द्या, असा त्या पत्राचा आशय. कापडवाल्याचं नाव आंतोनी व्हान लेव्हेनहुक.

लेव्हेनहुकला डचखेरीज भाषा येत नव्हती आणि विद्यापीठाचं तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं. स्वतःच्या भिंगाखाली मात्र त्यानं पाण्याचा थेंब, दातांवरचा मळ, मधमाशीची नांगी असं मिळेल ते ठेवलं. १६७७ मध्ये लायडनचा योहान हाम नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी परम्याच्या रोग्याचं वीर्य घेऊन त्याच्याकडे आला आणि यात शेपटीचे जीव दिसतात म्हणाला. लेव्हेनहुकनं निरोगी माणसाचं वीर्य तपासायचं ठरवलं. नोव्हेंबरात त्यानं सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र धाडलं. नमुना पापाचरणातून मिळवलेला नाही, बायकोबरोबरच्या रीतसर संबंधातून उरलेला आहे, आणि नाडीचे सहा ठोके पडायच्या आत तो भिंगाखाली ठेवला, असा खुलासा त्यात आवर्जून होता. विद्वानांना हे किळसवाणं वाटलं तर पत्र खुशाल खासगी ठेवा, अशी विनंतीही होती. मजकूर लॅटिनमध्ये घालून पाठवला होता. आत काय दिसलं? गोल डोक्याचे, बारीक शेपटीचे, नागमोडी पोहणारे असंख्य जीव. वाळूच्या मोठ्या कणाएवढी जागा भरायला ते दहा लाखही पुरणार नाहीत, असा त्याचा अंदाज.

काही वर्षांतच लेव्हेनहुकचं मत पक्कं झालं. माणूस या जिवापासूनच होतो. बाईचं पोट ही फक्त त्याच्या वाढीची जागा. द ग्राफच्या अंड्यांची त्यानं खिल्ली उडवली. एवढ्या मोठ्या पुटिका त्या अरुंद नळीतून उतरतील कशा, हा त्याचा सवाल. ज्यानं त्याला जगापुढे आणलं तो उत्तर द्यायला उरला नव्हता. लेव्हेनहुकनं अनुवंशाचाही पुरावा दिला. हॉलंडमधले लोक रानटी करडा ससा आणि घरची पांढरी सशीण यांची जोडी लावत. पिल्लं सगळी करडी निघत आणि रानटी म्हणून बाजारात खपत. लेव्हेनहुक म्हणाला, बघा, सगळी बापावर गेली! उलट जोडी लावून बघावी, म्हणजे करडी सशीण आणि पांढरा ससा, हे त्याच्या मनात आलं नसावं. तसं केलं असतं तर त्याच करड्या पिल्लांनी त्याला आईच्या बाजूला नेऊन बसवलं असतं. करडा रंग पांढऱ्यावर मात करतो, मग तो आईचा असो की बापाचा. हे नियमात बसवायला मेंडेलच्या वाटाण्यांची वाट पाहावी लागली.

इथून दोन तट पडले. एक अंडंवाले, एक शुक्रजंतूवाले. दोघांनाही मूल एकाच पालकाचं हवं होतं. आणि दोघेही एका विचित्र कल्पनेवर एकमत होते: मूल नव्यानं घडत नाही, ते आधीपासून तयारच असतं, इवलंसं, घडी घालून ठेवलेलं, ते फक्त वाढतं. अंडंवाल्यांनी सगळी मानवजात हव्वेच्या अंडाशयात एकात एक बसवून टाकली. १६९४ मध्ये निकोलास हार्टसूकर यानं शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे कवटाळून बसलेल्या माणसाचं चित्र छापलं. ते आजही पुस्तकांत ‘जुन्या लोकांनी काय पाहिलं’ म्हणून छापतात. हार्टसूकरवर हा अन्याय आहे. त्यानं पाहिल्याचा दावा केला नव्हता. दिसलंच तर असं दिसेल, एवढंच म्हटलं होतं. थापा मारणारा वेगळाच निघाला. १६९९ मध्ये ‘दालेनपातियुस’ या नावानं कुणीतरी छापलं की शुक्रजंतूनं कात टाकली आणि आतला माणूस हातपायांसकट बाहेर आला. हा फ्रान्सुआ द प्लांताद नावाचा फ्रेंच गृहस्थ गंमत करत होता. लेव्हेनहुकनं ती गंभीरपणे खोडून काढली.

अठराव्या शतकात अंडंवाल्यांची सरशी झाली. १७४० मध्ये जिनिव्हाच्या विशीतल्या शार्ल बॉनेनं माव्याची एकच मादी जन्मल्याक्षणापासून काचेखाली एकटी ठेवली. नर जवळपास फिरकलाही नाही आणि तिनं पंचाण्णव पिल्लं घातली. मग नराची गरज काय? शिवाय शुक्रजंतूंच्या बाजूला एक धार्मिक पेच होता. प्रत्येक जंतूत एक माणूस असेल, तर एका मुलासाठी परमेश्वर कोट्यवधी माणसं मारतो की काय? लेव्हेनहुकनं झाडाच्या बियांचा दाखला दिला, एका वृक्षासाठी किती बिया वाया जातात बघा. पण लोकांना तो पटला नाही.

याच गोंधळात एका गणितज्ञानं पाळण्यात डोकावणाऱ्या बायकांचा पुरावा हातात घेतला. पियेर मोपेर्तुई. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे हे लॅपलँडमध्ये जाऊन मोजून आलेला हा माणूस पुढे बर्लिनच्या अकादमीचा अध्यक्ष झाला. बर्लिनमध्ये त्याला याकोब रूहे नावाचा शस्त्रवैद्य भेटला. त्याच्या हातापायांना सहा-सहा बोटं होती. मोपेर्तुईनं घराण्याची चौकशी केली. सहावं बोट रूहेला आईकडून आलं होतं, आईला तिच्या आईकडून. रूहेनं पाच बोटांच्या बाईशी लग्न केलं आणि त्याच्या काही मुलांना पुन्हा सहा बोटं आली. म्हणजे खूण आईकडूनही येते आणि बापाकडूनही जाते. हे निव्वळ योगायोगानं घडलं असेल का? वीस हजार माणसांत एक सहाबोट्या धरला, तर लागोपाठ तीन पिढ्यांत योगायोगानं तसं घडण्याची शक्यता ८० खर्वांत एक, असा त्यानं हिशेब केला. आकडेमोड करून अनुवंश सिद्ध करण्याचा हा फार जुना प्रयत्न. त्याचा निष्कर्ष सरळ होता: दोघांच्याही शरीरांतून कण येतात आणि ते एकत्र होऊन मूल बनतं. हे १७५२ मध्ये छापलं गेलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

आणि मग बेडकांच्या चड्ड्या. प्रयोग मूळचा फ्रान्समधल्या रेओम्यूरचा, पण साधला लाझ्झारो स्पालान्झानीला. हा पावियाचा प्राध्यापक, शिवाय धर्मगुरू. बेडकाची मादी पाण्यात अंडी सोडते, नर तिच्या पाठीवर असतो. स्पालान्झानीनं नरांना मेणकापडासारख्या रेशमी कापडाच्या घट्ट चड्ड्या शिवून घातल्या. नरांचं काही अडलं नाही, ते माद्यांना बिलगलेच. पण त्या अंड्यांतून एकही बेडूकमासा निघाला नाही. चड्डीत उरलेले थेंब त्यानं दुसऱ्या अंड्यांना लावले, ती वाढली. हार्वेची अदृश्य लागण, बीजाची वाफ, असल्या सगळ्या कल्पना या चड्ड्यांनी संपवल्या. स्पर्श हवा, प्रत्यक्ष द्रव हवा.

पुढे त्यानं एका कुत्रीला कोंडून ठेवलं आणि माजावर आल्यावर कोमट केलेल्या पिचकारीनं वीर्य तिच्या गर्भाशयात सोडलं. बासष्टाव्या दिवशी ती व्यायली. तीन पिल्लं, दोन नर आणि एक मादी. पिल्लं दोघांच्याही वळणावर गेल्याचं त्यानं स्वतः नोंदवलं आहे. त्यानंतर बेडकाचं वीर्य त्यानं टीपकागदातून गाळलं. खाली उतरलेल्या पाण्याची ताकद गाळणीगणिक उतरत गेली. कागदावर उरलेला गाळ पाण्यात कालवला की त्यानं अंडी फळत होती. आता तरी हा माणूस शुक्रजंतूचं नाव घेईल, असं वाचणाऱ्याला वाटतं. त्यानं घेतलं नाही. तो पक्का अंडंवाला होता. बेडूकमासा अंड्यात आधीपासून असतो, वीर्यातला द्रव त्याला फक्त जागा करतो, या मतापासून तो हलला नाही. निकाल हातात, कागद हातात, आणि तरीही. विज्ञानाच्या इतिहासात यापेक्षा चिडवणारं पान शोधावं लागेल.

तीच गाळणी १८२४ मध्ये जिनिव्हात प्रेव्हो आणि द्युमा या दोन संशोधकांनी पुन्हा लावली. द्युमा तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा. कागदातून शुक्रजंतू उतरत नाहीत आणि उतरलेल्या पाण्यानं अंडं फळत नाही, हे दोन्ही त्यांनी एका दमात म्हटलं.

पण सस्तन प्राण्याचं अंडं अजून कुणी अंडाशयात पाहिलेलंच नव्हतं. दीडशे वर्षं सगळे द ग्राफच्या पुटिकेलाच अंडं म्हणत होते. १८२७ च्या वसंतात प्रशियातल्या कोनिग्जबर्गमध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर कुत्र्यांच्या गर्भांचा माग उलट्या दिशेनं काढत होता. गर्भाशयातले मोठे गर्भ, मग त्याआधीचे, मग नळीतले गोळे. आता त्याला अगदी नुकती माजावर येऊन गेलेली कुत्री हवी होती. त्याचे वरिष्ठ प्राध्यापक बुर्डाख यांच्या घरी तशी एक होती आणि बुर्डाखनी ती दिली. अंडाशयावरच्या एका पुटिकेत बेअरला साध्या डोळ्यांनी एक पिवळसर ठिपका दिसला. मग दुसरीतही, तिसरीतही. प्रत्येक पुटिकेत एकच. सुरीच्या टोकानं त्यानं एक पुटिका उघडून ठिपका घड्याळाच्या काचेतल्या पाण्यात घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. तो वीज पडल्यासारखा मागे झाला, असं त्यानंच पुढे लिहिलं. एवढं स्पष्ट, एवढं रेखीव अंडं. दुसऱ्यांदा डोळा लावायला त्याला धीर गोळा करावा लागला. इतक्या दिवसांचा भास तर नाही ना, ही धास्ती.

पुस्तक निघालं, पण चर्चा झाली नाही. पुढच्या वर्षी बर्लिनला जर्मन निसर्गशास्त्रज्ञांचं मोठं संमेलन भरलं. बेअर गेला, थांबला, कुणी विषयच काढेना. अखेर स्वीडनच्या रेट्झियसनं विचारलं, ते अंडं दाखवता येईल का? तेव्हा कुठे ते लोकांनी पाहिलं. आणि याच बेअरनं वीर्यातल्या जीवांना ‘स्पर्मॅटोझोआ’ हे आजचं नाव दिलं, कारण त्याच्या मते ते वीर्यात राहणारे परजीवी होते. अंडं शोधणारा शुक्रजंतूला पोटातल्या जंतासारखा पाहुणा समजत होता. एक हाती लागलं की दुसरं निसटतं, हा खेळ अजून संपला नव्हता.

तो संपवला समुद्रानं. १८७५ मध्ये ऑस्कर हेर्टविग हा येनाचा तरुण भूमध्य समुद्राकाठी गेला. तिथल्या समुद्री साळिंदराची अंडी पारदर्शक असतात आणि बशीतल्या पाण्यात फळवता येतात. वीर्य सोडल्यावर काही मिनिटांत अंड्याच्या कडेला एक लहान केंद्रक उमटलं. ते आतल्या मोठ्या केंद्रकाकडे सरकत गेलं, दोन्ही भिडली आणि एक झाली. एक केंद्रक अंड्याचं, एक शुक्रजंतूचं. १८७६ मध्ये हे छापलं गेलं. हार्वेच्या ग्रंथाला तोवर सव्वादोनशे वर्षं झाली होती. थोड्याच वर्षांत हेरमान फॉलनं तारामाशाच्या अंड्यात शुक्रजंतू शिरताना पाहिला. एरवी एकच आत जातो, हेही त्यालाच दिसलं. १८८३ मध्ये बेल्जियमच्या व्हान बेनेडेननं घोड्याच्या आतड्यातल्या जंताची अंडी घेतली. या जंताची गुणसूत्रं मोजकी आणि ठसठशीत. दोन आईच्या बाजूनं, दोन बापाच्या बाजूनं, एकूण चार. वाटणी समसमान.

समसमान वाटणीत एक खोच १९०५ मध्ये अमेरिकेतल्या नेट्टी स्टीव्हन्सला सापडली. पिठात होणाऱ्या एका किड्याच्या मादीत वीस मोठी गुणसूत्रं होती, नरात एकोणीस मोठी आणि एक छोटं. अंडी सगळी सारखी. शुक्रजंतू दोन तऱ्हांचे, अर्धे छोटं गुणसूत्र घेतलेले, अर्धे मोठं. नर की मादी हे अंड्यावर ठरत नव्हतं. आपल्याकडे सलग मुली झाल्या म्हणून सुनेला टोमणे मारणं त्यानंतरही चालू राहिलं, हे वेगळं सांगायला नको.

माणसाच्या अंड्याचं काय? बाईच्या शरीराबाहेर ते फळताना पाहायला १९४४ उजाडलं. बॉस्टनजवळ ब्रुकलाइनच्या एका स्त्री-रुग्णालयात डॉ. जॉन रॉक यांच्या प्रयोगशाळेत मिरियम मेन्किन काम करत असे. पीएच.डी. तिच्या पदरात पडली नव्हती; हुद्दा साहाय्यकाचा. मंगळवारी शस्त्रक्रियेतून अंडाशयाचा तुकडा मिळाला की त्यात अंडं शोधायचं, बुधवारी त्यावर शुक्रजंतू सोडायचे, गुरुवारी देवाचं नाव घ्यायचं आणि शुक्रवारी भिंगाला डोळा लावायचा. सहा वर्षं हा क्रम चालला आणि शुक्रवारी कधी काही दिसलं नाही.

त्या फेब्रुवारीत तिच्या लहान मुलीला दात येत होते आणि मेन्किन रात्रभर जागी होती. पेंगुळलेल्या अवस्थेत तिनं शुक्रजंतू तीनदा धुण्याऐवजी एकदाच धुतले, नेहमीपेक्षा दाट द्रावण वापरलं आणि अर्ध्या तासाऐवजी तासभर अंड्याबरोबर राहू दिलं. शुक्रवारी काचेत दोन पेशी होत्या. ती ते सोडून हलेना. हे टिकवायचं कसं यावर सगळ्यांची चर्चा चालू असतानाच ते पहिलं अंडं हरवलं. पुढे आणखी तीन साधली. ऑगस्ट १९४४ च्या ‘सायन्स’मध्ये रॉक आणि मेन्किन या दोन नावांनी छोटा लेख आला. १३८ अंड्यांवर प्रयोग, त्यातली चार फळली. दोन अंडी दोन पेशींपर्यंत पोचली होती, दोन तीन पेशींपर्यंत.